उशिरा येणारे हसू

चौदा मार्चला सार्वजनिक ग्रंथालयाच्या खात्यात सात हजार दोनशे पन्नास रुपये जमा झाले. देवघेव विभागाचे जुने लाकडी टेबल आणि कार्डांचे कपाट टीव्हीच्या मालिका काढणाऱ्या एका कंपनीने नेले होते, त्याचे हे भाडे. पावती हळूकाकांनी स्वतः फाडली. त्या टेबलामागे त्यांची एकतीस वर्षे गेली होती. टेबल टेम्पोत चढताना त्यांनी हमालांना एवढेच सांगितले, "हळू. डावा पाय जरा हलतो त्याचा."

हळूकाका हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. हॉलमध्ये कुणी खुर्ची ओढली, नाक शिंकरले, चपला फटफटवल्या, की टेबलामागून आवाज यायचा, "हळू." आवाज कसला, नुसती हवा. पण ती हवा पार टोकाला पेपर वाचणाऱ्या पेन्शनरांपर्यंत पोचायची. एक निवृत्त वकील रोज दुपारी तिथे घोरत बसायचे. काकांनी "हळू" म्हटले की घोरणे थांबायचे नाही, पण स्वर तेवढा खाली यायचा. कॉलेजच्या पोरांनी हे नाव ठेवले आणि ते चिकटले. काकांना त्याचा राग नव्हता. शिक्का मारताना शाई पसरू नये, शब्दकोडे कुणी कापून नेऊ नये आणि हॉलमध्ये शांतता असावी, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

राहायला त्यांना ग्रंथालयाच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. भाडे नावापुरते. अट एकच, आणि तीही कुठे लिहिलेली नव्हती. खोल्यांची जमीन फळ्यांची होती आणि फळ्यांखाली वाचनाचा हॉल होता. वर चमचा पडला की खाली परीक्षेचा अभ्यास करणारी पोरे माना वर करत.

लग्न होऊन काकू या खोल्यांत आल्या, त्याच आठवड्यात काकांनी त्यांना त्या घोरणाऱ्या वकिलांची गोष्ट सांगितली. काकू खळखळून हसल्या. काकांचा हात आपोआप वर गेला. "हळू. खाली हॉल आहे."

काकूंनी मनावर घेतले. भांड्यांखाली फडके आले, खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचे बसली, आणि मुलगी चालायला शिकली ती मोज्यांत. हसू आले की काकू ओठ घट्ट मिटून घेत. खांदे तेवढे हलत. बाकीचे हसून मोकळे व्हायचे, विषय बदलायचा, आणि मग ते अडकलेले हसू वाट काढत बाहेर पडायचे. आधी हुंदक्यासारखा एक श्वास, मग एक उचकी, आणि मागोमाग उकळत्या पातेल्यावरचे झाकण उडावे तसे दोन-तीन हादरे. "तुझी गाडी कायम लेट," काका म्हणत. मुलगी सासरी गेली, दूरच्या शहरात मोठ्या आवाजाच्या घरात रमली. वर दोघेच उरले, आणि इतक्या वर्षांची सवय उरली.

टेबल नेण्याआधी कंपनीचे दोघे जण पंधरवडाभर हॉलमध्ये येऊन बसले होते. एक दाढीवाला, एक चष्मेवाली. "ग्रंथालयाच्या जीवनावर कार्यक्रम करतोय," म्हणाले. काका हरखून गेले. ग्रंथालयाच्या जीवनावर कुणी काही करावे असे त्यांना फार दिवस वाटत होते. आपल्या पैशाने चहा पाजून त्यांनी त्या दोघांना सगळे दाखवले, कपाटांच्या मागची वाळवी दाखवली, वकिलांची गोष्टही सांगितली. चष्मेवाली भराभर लिहून घेत होती. काकांना वाटले, पोरगी अभ्यासू आहे.

मालिका सुरू झाली ती विनोदी निघाली. पहिल्याच भागात ग्रंथालयाला आग लागते, आणि टेबलामागचा कारकून बोट ओठांवर ठेवून कुजबुजतो, "आग लागली आहे. हळू पळा." तेच टेबल. डावा पायही वाया घालवला नव्हता. कारकून दर भागात त्यावर रेलायचा आणि तोंडावर आपटायचा. दर बुधवारी लोक हसून हसून लोटपोट होऊ लागले.

काकांचे मात्र बाहेर पडणे अवघड झाले. भाजीवाला विचारायचा, "काका, कोथिंबीर देऊ? की हळू देऊ?" हॉलमध्ये नवी नवी माणसे येऊ लागली, पुस्तकासाठी नव्हे, काकांच्या तोंडून तो एक शब्द ऐकण्यासाठी. मुद्दाम खुर्ची ओढायची आणि वाट बघायची. काकांनी मग "हळू" म्हणणेच सोडले. खुर्च्या वाजत राहिल्या.

"हे आपल्या घरात लागणार नाही," त्यांनी काकूंना सांगितले.

काकूंनी वाद घातला नाही. वाद हळू आवाजात घालता येत नाही. बुधवारी संध्याकाळी त्या काही ना काही फाटके-उसवलेले हातात घेऊन समोरच्या गल्लीतल्या शिवणवाल्या वहिनींच्या दुकानात जाऊ लागल्या. वहिनींचे मशीन दिवसभर खडखडायचे, टीव्ही त्याहून मोठ्याने चालायचा. काका न कळण्याइतके भोळे नव्हते. त्या वेळेला ते गल्लीकडची खिडकी लावून घेत.

मालिकेला दोन वर्षे होऊन गेली तेव्हा काकूंना ताप आला. ताप छातीत उतरला, आणि आठवडा उलटायच्या आत त्या गेल्या. हॉस्पिटलातही त्यांनी कुणाला हाक मारली नाही. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मला वाटलं झोपल्यात."

त्यानंतर काकांच्या घरात आवाज करणारे कुणी उरले नाही आणि न करणारेही. शर्टाचे बटण तुटले तेव्हा ते कित्येक दिवस तसेच वावरले. शेवटी वहिनींनीच रस्त्यात अडवले. "भावजी, पोट दिसतंय. आणा तो शर्ट इकडे."

ते गेले तो नेमका बुधवार निघाला. दुकानात मालिका चालू होती. काका टीव्हीकडे पाठ करून बसले. वहिनी दोरा ओवत होत्या. कारकून कुठेतरी धडपडला, हशा उसळला, ओसरला, पात्रे पुढचे बोलू लागली. आणि त्या बोलण्याखालून एक श्वास आला, हुंदक्यासारखा. मग उचकी. मग झाकण उडाले.

"थांबा!" काका ओरडले.

वहिनींच्या बोटात सुई गेली. एवढ्या वर्षांत या माणसाचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. "काय झालं हो?"

"ही... ही इथं कशी?"

वहिनींनी टीव्ही बंद केला, बोट तोंडात धरले. मग एकदाचे सांगून टाकले. मालिका माणसांपुढे करतात, त्यांचेच हसू टीव्हीत ऐकू येते. कंपनीची गाडी बायकांना घेऊन जाते, सँडविच देते, आणि काम एवढेच की हसू आले की हसायचे. "मी नेलं तिला. पाच-सहा वेळा तरी."

"मला बोलली नाही."

"बोलली असती तर जाऊ दिलं असतंत?"

काका बंद टीव्हीकडे बघू लागले.

"खिडकी लावून घेत होतात तुम्ही. आम्हाला इथून दिसायची की."

"पण हा भाग नवीन आहे," काका म्हणाले. "ती जाऊन पाच महिने झाले."

"हसू साठवून ठेवतात म्हणे. कुठं माणसं कमी हसली, की तिथं जुनं लावतात. मला तरी कळतं का ते दर वेळी? माझं निम्मं लक्ष मशीनवर."

तेव्हापासून दर बुधवारी काका वहिनींच्या दुकानात जाऊन बसू लागले. पडद्याकडे बघायचे नाहीत. कारकुनाच्या गमतीजमतींशी त्यांना काही घेणे नव्हते; त्या संपल्यावरची जागा त्यांना हवी असे. लोक हसून थांबले की काका श्वास रोखत. कधी ती असायची, कधी नसायची. असली तरी इतरांच्या आवाजात अर्धी बुडालेली. ज्या बुधवारी नसायची, त्या रात्री त्यांना जेवण जात नसे. दोन वर्षे ते हसू खिडकीबाहेर चालले होते आणि त्यांनी काच लावून घेतली होती. आता ते भाड्याच्या हसण्यांत मिसळलेले चिमूटभर मिळत होते आणि तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघत होता.

एका बुधवारी वहिनी टाके घालता घालता म्हणाल्या, "बंद होतेय मालिका. पुढच्या वेळी शेवटचा भाग."

काकांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. वहिनींना म्हणाले, "मला तिथं न्याल?"

"जाऊन काय सांगणार त्यांना?"

"मागेन."

"हसू?" वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले आणि पुढची थट्टा गिळली. दुकानाला कुलूप लावले.

स्टुडिओ म्हणजे शहराबाहेरचे एक जुने गोदाम होते. आत तीन भिंतींचे ग्रंथालय उभे होते आणि सुतार त्यातली एक भिंत उतरवत होते. कपाटांत पुस्तके नव्हतीच. नुसते पुस्तकांचे कणे फळीवर चिकटवलेले. आपले टेबल काकांना दिसले. ते थांबले नाहीत.

ध्वनीचे काम बघणाऱ्या बाई मागच्या बंद खोलीत बसल्या होत्या. केस बारीक कापलेले आणि पिकलेले, गळ्यात हेडफोन. काकांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात सगळे सांगितले. बाई पुढे झुकल्या. "जरा मोठ्यानं बोला ना."

"त्यांचं हे मोठ्यानंच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि सगळे पुन्हा स्वतः सांगितले.

बाईंनी काकांकडे नीट पाहिले. "तुम्ही म्हणजे ते... खरे?"

"हो. खरे."

बाई ओशाळल्या. खुर्ची पुढे केली. "उशिरा येणारं हसू ना? माहीत आहे मला. सगळे थांबल्यावर एखादाच माणूस हसतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. सहसा कापून टाकतो. हे मी ठेवलं. ते ऐकून घरी बसलेला माणूस दुसऱ्यांदा हसतो."

"मला ते वेगळं काढून द्या. फक्त तिचं."

"कसं देऊ, काका? आमच्याकडे हसू माणसाच्या नावानं लावलेलं नसतं. प्रकारानं असतं. खुदखुद, खिदळणं, गडगडाट."

"म्हणजे विषयवार," काका म्हणाले. "लेखकाचं कार्डच नाही."

"तसंच. आणि ते सगळ्यांत मिसळलेलं आहे. दुधात पाणी घातलंय, आता पाणी तेवढं काढून द्या म्हटल्यासारखं आहे हे."

काका उठायला लागले. आयुष्यभर "ते पुस्तक बाहेर गेलंय" हे वाक्य त्यांनी ज्या शांतपणे लोकांना ऐकवले होते, त्याच शांतपणे आता ते त्यांना ऐकता येईना. हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

"बसा भावजी," वहिनी एकदम म्हणाल्या. "अहो बाई, एकदा ही भलत्याच ठिकाणी हसली होती बघा. कुणीच हसलं नाही, ही एकटी. तुमच्या दिग्दर्शकांनी ओरडून थांबवलं आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते असेल का कुठं?"

"फेकलेल्या कामात असेल," बाई म्हणाल्या आणि मग थांबल्या. "पण ते सगळं पुसायला घेतलंय. नव्या मालिकेला जागा हवी. पहिलं वर्ष पुसून झालं सकाळीच. कधीची गोष्ट ही?"

वहिनी डोळे मिटून बसल्या. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "आत गारठा होता. तिनं निळा स्वेटर घातलेला, मी विणलेला. मी विणला कधी? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, घरी पडून होते तेव्हा. म्हणजे... दुसरं वर्ष. दुसरंच!"

शोधायला दुपार गेली. नटांच्या चुका, खोकले, पडलेली ताटली, कुणाचा तरी वाजलेला फोन. प्रत्येक तुकड्याला काका मान खाली घालून बसत आणि प्रत्येक तुकडा संपला की बाई त्यांच्याकडे न बघता पुढचा लावत. बाईंनी चहा मागवला, तो निवला.

मग पडद्यावर एक साधा प्रसंग आला. एक मुलगी पुस्तक परत करते. कारकून ते घेतो, शिक्का मारतो, आणि बाजूला ठेवण्याआधी पुस्तकाच्या पाठीवर दोनदा थोपटतो, तान्ह्या मुलाला ढेकर यावी म्हणून थोपटावे तसे. एवढेच. त्यात हसण्यासारखे काही नव्हते, आणि कुणी हसलेही नाही. पूर्ण शांतता.

त्या शांततेत काकू हसल्या. या वेळी उशीर नव्हता. ओठ मिटलेले नव्हते. सगळ्या संसारात काकांनी एकदाच ऐकलेले, पहिल्या आठवड्यातले ते हसू, स्वच्छ, खळखळून. मागोमाग त्यांचा आवाज, धापा टाकत: "अगं, हे अगदी असंच करतात!"

"हळू! रेकॉर्डिंग चालू आहे," हा वहिनींचा आवाज.

"इथं तरी हळू म्हणू नको गं."

मग कुणीतरी "कट" म्हणून ओरडले आणि तुकडा संपला.

वहिनींनी रुमाल काढला. काका पडद्याकडे बघत होते. तिथे कारकुनाचा हात पुस्तकावर थांबला होता.

"मी असं करतो?" त्यांनी विचारले.

"मला काय विचारता?" वहिनी नाक पुसत म्हणाल्या. "मी कधी पुस्तक नेलंय तुमच्याकडनं?"

"लेखकांनी तुमच्याकडूनच उचललं असणार," बाई म्हणाल्या. "पण लोक हसेनात, म्हणून काढून टाकलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा ते थोपटणं नव्हतं."

"पुन्हा लावता?"

बाईंनी पुन्हा लावले. आणखी एकदा लावले. मग हेडफोन उतरवून म्हणाल्या, "नियमानं बाहेर देता येत नाही. पण पुसायचंही माझ्याच हातात आहे. पुसायच्या आधी एक प्रत निघाली असं समजू." मग त्यांनी हलकेच विचारले, "शेवटचं बोलणं कापू का? नुसतं हसू ठेवते. ऐकायला बरं पडेल तुम्हाला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पानाचा कोपरा दुमडला तरी ज्याला चैन पडत नसे, त्या माणसाच्या डोळ्यांसमोर आता कात्री धरलेली होती. ते हसू तेवढे घरी नेता आले असते. त्या हसण्यात त्यांच्यावर राग नव्हता, माया होती. हे त्यांना आता कळले होते आणि ते पुरेसे होते. पण पुढचे वाक्यही तिचेच होते, आणि खोल्यांत राहून तिला ते कधी म्हणता आले नव्हते.

"नको," ते म्हणाले. "अख्खं द्या."

"नक्की?"

"पान फाडलेलं पुस्तक मी घेत नाही."

बाईंनी टेबलाच्या खणातून एक नवी पेन ड्राइव्ह काढली आणि त्यावर तुकडा उतरवला. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग सवयीने विचारले, "परत कधी आणून देऊ?"

"परत कसली, काका? ठेवा ती. तुमचीच आहे."

दोघे बाहेर पडले तेव्हा सुतारांनी दुसरी भिंतही उतरवली होती. फाटकाशी वहिनी म्हणाल्या, "ऐकणार कशावर? तुमच्याकडे काय आहे?"

"ऑफिसात कॉम्प्युटर आहे. सोमवारी हॉल बंद असतो."

"मला बोलवाल?"

"या. मोठ्यानं लावू."

सोमवारी दोघांनी ऐकले. खाली रिकाम्या हॉलमध्ये, आवाज पूर्ण वर करून. वहिनी पहिल्या वेळीच उठून गेल्या. काका बसून राहिले, आणि शेवटचे वाक्य दर वेळी पूर्ण ऐकूनच पुन्हा पहिल्यापासून लावत राहिले. मंगळवारी हॉल उघडला तेव्हा कुणीतरी खुर्ची ओढली. काकांनी मान वर करून पाहिले आणि काही म्हटले नाही.

पेन ड्राइव्ह तीनशे वीस रुपयांची होती. बाई नको म्हणत असताना काकांनी खिशातले दोनशे रुपये त्यांच्या टेबलावर ठेवले होते. उरलेले एकशे वीस देणे आहेत.